यूट्यूबवरची एक पट्टी आणि आयई ६

आमच्या लॅबमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, ज्याला कुणी हात लावत नाही. त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे, कारण त्याला जोडलेल्या उपकरणाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही. प्रयोगांची आकडेवारी लॅबमधल्या सगळ्यांना पाहता यावी म्हणून मी एक छोटं वेबपान केलं आणि त्या मशीनवर उघडलं, तर सगळं विस्कटलेलं. आता जुन्या ब्राउझरसाठी ते दुरुस्त करत बसायचं की सोडून द्यायचं? तुम्हाला वाटेल, किती किरकोळ प्रश्न! पण याच प्रश्नाने वेब बनवणाऱ्यांची दहा-बारा वर्षं खाल्ली आहेत.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये. एक्सपीबरोबर तो घरोघरी पोचला. नेटस्केप तोवर हरलेला, मग घाई कुणाला? आयई ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. मधल्या काळात आयई ६ च्या खोडी सगळ्यांना पाठ झाल्या. पारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी चौकोन यायचा. डावीकडे फ्लोट केलेल्या चौकटीला डावा मार्जिन दिला, की तो दुप्पट व्हायचा. म्हणजे पान एकदा नियमाप्रमाणे लिहायचं, आणि मग आयई ६ साठी ठिगळं लावायची.

२००९ मध्ये यूट्यूबचे सुमारे १८ टक्के प्रेक्षक आयई ६ वर होते. एवढ्यांना कोण सोडणार? पुढची गोष्ट तिथले तेव्हाचे इंजिनिअर क्रिस झकारायस यांनी दहा वर्षांनी जाहीरपणे सांगितली. काही इंजिनिअरांनी वरिष्ठांना न विचारताच पानावर एक पट्टी लावली: तुमच्या ब्राउझरचा सपोर्ट लवकरच बंद होणार, अशा अर्थाची, सोबत नव्या ब्राउझरांच्या लिंक. ‘लवकरच’ म्हणजे कधी? तसं काही ठरलेलंच नव्हतं, धमकी पोकळ होती! गूगल आपलंच क्रोम पुढे ढकलतंय का, अशी शंका वकिलांना आली. पण नावांचा क्रम दर वेळी बदलेल अशी सोय या मंडळींनी आधीच केली होती. गूगल डॉक्सवाल्यांनी यूट्यूबची पट्टी पाहिली आणि तशीच आपल्याकडे लावली. महिनाभरात यूट्यूबवरचे आयई ६ वाले निम्म्यावर आले. मार्च २०१० मध्ये सपोर्ट खरोखरच बंद झाला.

वाचताना मजा येते, मलाही आली. पण उरलेले निम्मे कोण असतील? कित्येक कंपन्यांची आतली सॉफ्टवेअरं आयई ६ आणि अ‍ॅक्टिव्हएक्सवरच बेतलेली होती. तिथल्या कारकुनाला ब्राउझर बदलायची मुभाच नसायची. त्याला पट्टी दाखवून काय उपयोग?

म्हणून मला जेक्वेरीवाल्यांचा मार्ग जास्त पटतो. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी २.० आवृत्तीतून आयई ६, ७, ८ वगळले, पण जुन्या ब्राउझरांसाठी १.x शाखा चालूच ठेवली. दुहेरी काम होतं ते, आणि फुकटात वाटायचं. पुढे ३.० साठीही आयई ८ चालणारी वेगळी आवृत्ती काढायचा बेत होता. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जुन्या आयईंचा सपोर्ट थांबवला, तेव्हा तो सोडला.

माझ्या पानावर आता साधा तक्ता आहे, तो एक्सपीवरही दिसतो. आलेख मात्र तिथे दिसत नाहीत. ते पाहायला खुर्ची फिरवून शेजारच्या मशीनवर यावं लागतं.