कोतोची विद्या

कोतो हें जपानचें एक प्रमुख तंतुवाद्य. सुमारें सहा फूट लांबीच्या पोकळ लांकडी पेटीवर तेरा तारा ताणलेल्या असतात आणि प्रत्येक तारेखालीं एक सरकती घोडी असते. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तार छेडावयाची व डाव्या हातानें ती घोडीपलीकडे दाबून स्वर चढवावयाचा, ही वादनाची रीत. हें वाद्य शिकविण्याचा मान दोन शतकांहून अधिक काळ प्रामुख्यानें अंध कलावंतांकडे होता.

चीनमधून आलेलें हें वाद्य आठव्या शतकांत राजदरबारीं वाजत असे. पुढें क्यूशू बेटावर त्याची एक निराळी परंपरा निर्माण झाली. स्त्रियांना व अंधांना ती शिकवूं नये असा तिचा दंडक होता, असें सांगतात. यात्सुहाशि केंग्यो (१६१४–१६८५) या अंध वादकानें ती विद्या तरीही मिळविली आणि तिची स्वररचना बदलून ती नगरवासीयांत रुजविली. ‘केंग्यो’ ही अंधांच्या ‘तोदो’ संघांतील श्रेष्ठ पदवी. या संघाला तोकुगावा राजवटीचें संरक्षण होतें.

शिक्षण मुख्यतः मुखोद्गत असे. ‘कोरोरिन’, ‘शान’ असे बोल गुरूनें म्हणावे, शिष्यानें ते घोकावे आणि मग तारांवर उतरवावे. व्यापाऱ्यांच्या मुलीही याच रीतीनें शिकत, आणि त्या शिकवणीवर अनेक अंधांचा चरितार्थ चाले.

१८७१ सालीं मेइजी सरकारनें हा संघ बरखास्त केला. विद्या सर्वांस मोकळी झाली. परंतु जिच्यामुळें अंधांना मानाची भाकरी मिळे, ती व्यवस्थाही त्याच फटक्यांत नाहींशी झाली. डोळस समाजाला जें स्वातंत्र्य वाटलें, तें अनेक वृद्ध गुरूंना निराधारपण ठरलें.

तरीही या परंपरेला नवें तेज आणलें तें एका अंधानेंच. मियागि मिचिओ (१८९४–१९५६) यांनीं बालपणींच दृष्टि गमावली आणि आठव्या वर्षीं कोतो हातीं घेतला. १९२१ सालीं त्यांनीं खर्जाच्या स्वरांसाठीं सतरा तारांचा कोतो सिद्ध केला. १९२९ सालची त्यांची ‘वसंतांतील समुद्र’ ही रचना जगभर पोहोंचली.

आज तारांचे क्रमांक दाखविणारीं छापील पुस्तकें मिळतात. परंतु कोठें थांबावें आणि तार किती दाबावी, हें शिष्य अजूनही गुरूच्या बोलांवरूनच शिकतो. संघ गेला, अंध गुरूंनीं घालून दिलेली कानाची शिस्त मात्र राहिली.