परतीची तार

राजापुरात मुंबईचा ट्रंक कॉल लागला की माणूस आधी ओरडायचा, मग बोलायचा. तो आवाज यायचा खांबांवरच्या तारांच्या जोडीतून.

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. परतीची वाट जमिनीतून. शेजारच्या तारायंत्राची टकटकही त्यात शिरे. 1881 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पीळ दिलेल्या दोन तारांचं पेटंट घेतलं. गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो. दोहोंतला फरक तेवढा ऐकला की तो वजा होतो. खांबांवरच्या उघड्या तारांना पीळ कसा देणार? म्हणून ठरावीक अंतराने त्यांच्या जागा बदलत. हेच ‘बॅलन्स्ड’.

हेडफोनने नाव तेच घेतलं, कारण मात्र बदललं. दोन मीटरच्या केबलला गोंगाटाची फारशी भीती नसते. साध्या 6.35 मिमी जॅकमध्ये (हाही मूळचा टेलिफोन एक्स्चेंजचाच) दोन्ही कानांना परतीची तार एकच असते. बॅलन्स्डमध्ये ती वेगवेगळी, आणि ॲम्प्लिफायर तिलाही उलट्या दिशेने चालवतो. म्हणून चार पिनांचा एक्सएलआर किंवा 4.4 मिमीचा जॅक.

अ‍ॅडॉप्टर घेताना एवढं लक्षात ठेवावं. बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या ॲम्प्लिफायरला खुशाल जोडावा. बॅलन्स्ड ॲम्प्लिफायरला साधा हेडफोन मात्र जोडू नये: परतीच्या दोन्ही तारा एक होतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो.

माझा पहिला असाच गेला. खांबावरच्या तारा जन्मभर शेजारी राहून एकमेकींना शिवत नसत. तेव्हाच नीट बघायला हवं होतं.