कापूस विकला की घेऊ

आमच्या नांदगाव खंडेश्वरात लहानपणी पोरांच्या प्रत्येक मागणीला एकच उत्तर असे : 'कापूस विकला की घेऊ.' चप्पल, कंपासपेटी, ईदचा सदरा, सारं कापसावर. पुष्कळदा कापूस विकला जाई आणि पैसा सावकाराच्या वहीत जिरे. म्हणून हातात आलेली गोळी आम्ही तेव्हाच तोंडात टाकत असू. एका गुरुजींनी शेरा मारला होता, 'या पोरांना धीरच नाही.' पण हीच पोरं पहिला रोजा धरून, समोर खजूर असताना मगरिबच्या अजानपर्यंत निमूट बसत. अजान होणारच, हे त्यांना ठाऊक होतं.

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९५८ साली त्रिनिदादमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मिठाई आता घेणार की मोठी नंतर, असं तिथल्या मुलांना विचारलं. आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा भारतीय वंशाची मुलं अधिक थांबायला तयार झाली. आपली छाती फुगते. पण वडील घरात असण्या-नसण्याचाही त्या निवडीशी संबंध दिसला होता. पुढं २०१३ साली अमेरिकेतला असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना आधी कबूल केलेली वस्तू मिळाली, ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना शब्द मोडलेला दिसला, ती ३ मिनिटं. मग मोजलं काय? मुलाचा धीर, की मोठ्यांचा शब्द?

आपल्याकडे हा प्रश्न ताराबाई मोडकांनी प्रयोगानं सोडवला. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना त्यांनी माँटेसरी पद्धत आपलीशी केली. ही पद्धत १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत आकाराला आली होती. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला आल्या. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात. 'यांना शिकायची गोडीच नाही' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत होती, गुरं राखत होती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांऐवजी शंख, खडे, बिया, पानं आली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत आणि पोरं शिकत.

ताराबाईंनी रोमची पद्धत घेतली, रोमच्या मुलाचं माप मात्र पाड्यावरच्या मुलाला लावलं नाही. म्हणून परदेशी असो की देशी, कुणी 'अमुक समाजाच्या मुलांना ओढच नसते' असा निष्कर्ष पुढं केला, की मी एवढंच विचारतो : त्या घरचा कापूस त्या साली विकला होता का?