लाळेचा थेंब

शाळेत असताना आमच्या गुरुजींनी दोन परीक्षानळ्यांत भाताची पातळ पेज घेतली. एकीत एका मुलाची लाळ घातली, दुसरीत तीच लाळ उकळून, गार करून. काही वेळाने दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकले. उकळलेल्या लाळेची नळी निळीशार झाली. पहिलीत निळा रंग आलाच नाही. तिथल्या पिष्टाची साखर झाली होती. आम्ही फिदीफिदी हसत होतो. त्यामागचा इतिहास मला फार उशिरा कळला.

पिष्टाची साखर करणारा असा पदार्थ १८३३ साली पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूतून वेगळा काढला. तरीही साखरेचा मद्यार्क जिवंत पेशींशिवाय होत नाही, असे पाश्चर ठामपणे सांगत. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले! पेशी मेल्या होत्या, काम चालूच होते. पाश्चर तेव्हा हयात नव्हते. बुखनरना १९०७ साली नोबेल मिळाले.

जुलाबानंतर बाळाला दूध पचेना, की माझी आजी दृष्ट काढायची. आतड्यातले लॅक्टेज हे विकर काही दिवस कमी पडल्यानेही असे होते, हे तिला कोण सांगणार? तिची माया खरी होती. कारण मात्र त्या परीक्षानळीच्या वाटेने सापडले.