उस्ताद कधी बदलावा?

संघात एकाहून एक खेळाडू असूनही तो हरू लागला, की पहिली कुऱ्हाड प्रशिक्षकावर पडते. अकरा जणांना घरी पाठवता येत नाही, एकाला पाठवता येते. हा हिशेब सोपा आहे, पण तो बरोबर आहे का? मुंबई आणि विदर्भ यांच्या अलीकडच्या रणजी इतिहासात याचे बरेचसे उत्तर सापडते.

चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना २०१५-१६ मध्ये मुंबईने ४१ वे रणजी विजेतेपद मिळवले. पुढच्याच हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. पण जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर गुजरातने तिला हरवले आणि पंडित यांना निरोप मिळाला. दोन वर्षांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद! पण मुंबईत दुसऱ्या क्रमांकाला मोल नसते.

पंडित विदर्भाकडे आले. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या आपल्या विदर्भाने तोवर एकदाही अंतिम फेरी पाहिली नव्हती. गुणवत्ता नव्हती असे नाही. उमेश यादव इथलाच. कर्णधार फैज फजल भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, त्यात नाबाद ५५ धावा केल्या, आणि पुन्हा त्याला कुणी बोलावले नाही. वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाजही मुंबई सोडून इथे आला होता. उणीव होती ती आपणही जिंकू शकतो या विश्वासाची आणि त्यासाठी लागणाऱ्या कडक शिस्तीची.

उपांत्य फेरीत कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवून विदर्भ त्याच होळकर मैदानावर उतरला. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवत विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. पुढच्या वर्षी तो राखलाही. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने हरवले ते मुंबईलाच.

म्हणजे मुंबई चुकली, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण इतिहास इतका सरळ नाही. समीर दिघे, विनायक सामंत, अमोल मुजुमदार आणि मग ओंकार साळवी असे प्रशिक्षक बदलत मुंबईने मार्च २०२४ मध्ये ४२ वे विजेतेपद मिळवलेच, तेही विदर्भाला हरवून. आणि पंडित गेल्यावर विदर्भही संपला नाही. उस्मान गनी प्रशिक्षक असताना २०२५ मध्ये विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले आणि मग केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसरे विजेतेपद पटकावले. त्या संघाचा कर्णधार होता अक्षय वाडकर, म्हणजे इंदूरला शतक ठोकणारा तोच मुलगा.

इथे मला इस्लामी इतिहासातली एक प्रसिद्ध घटना आठवते. हजरत उमर इसवी सन ६३४ मध्ये खलिफा झाले आणि त्यांनी शामच्या आघाडीवरील खालिद बिन वलीद यांच्याकडचे सेनापतिपद काढून अबू उबैदा यांना दिले. खालिद हरले नव्हते, उलट जिंकतच होते. विजय एका माणसामुळेच मिळतो असे लोकांना वाटू नये, हे इतिहासकारांनी नोंदवलेले एक कारण. खालिद नव्या सेनापतीच्या हाताखाली लढत राहिले आणि फौज जिंकत राहिली. घडी अशी बसलेली होती की सेनापती बदलूनही ती विस्कटली नाही.

उलट उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारत सलग तीन सामने हरला, तेव्हा प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्यावर टीकेची झोड उठली. तेव्हाच त्यांना हटवले असते तर? संघ आणि प्रशिक्षक दोघेही टिकून राहिले आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या हाती करंडक आला.

एक अंतिम सामना किंवा तीन पराभव हे उस्ताद बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. शागिर्दांनी ऐकणे सोडले असेल, नवी मुले पुढे येत नसतील, उस्तादाला स्वतःच्या नावापलीकडे काही दिसत नसेल, तर मात्र जिंकत असतानाही बदल करावा. शिक्षक म्हणून मला हे जवळचे वाटते. दहावीचा निकाल एका वर्षी घसरला की गावोगाव शिक्षक बदलण्याची मागणी होते. त्या शिक्षकाने वर्गात कोणती सवय रुजवली, हे क्वचितच कुणी विचारते. पवनीच्या मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना कधी चांगला प्रशिक्षक लाभला, तर पहिल्या पराभवानंतर त्याला हाकलू नये, आणि पहिल्या विजयानंतर डोक्यावरही घेऊ नये. तो गेल्यावर मुले कशी खेळतात, ते पाहावे.