रायगड किनारपट्टीवरील घरगुती इंधनबदल आणि धोकासूचक यंत्रे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
घरातील अग्नी बदलला की त्याच्या धोक्याची खूणही बदलते. प्रस्तुत लेखात रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील इंधनबदलाच्या संदर्भात धूर व कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्रांचा विचार केला आहे.

चुलीपासून गॅसपर्यंत :
अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन परिसरातील कौलारू घरांत लाकूडफाट्यावर स्वयंपाक होई. धूर प्रकृतीस अपायकारक होता. परंतु विस्तवाची वर्दीही तोच देई आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडे. १९७४ मध्ये मुंबई हाय तेलक्षेत्राचा शोध लागल्यानंतर उरण येथे तेल व वायू प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. पुढील दशकांत सिलिंडर घरोघरी पोहोचला आणि कौलांची जागा स्लॅबने घेतली. गळती समजावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. त्यामुळे ‘वास नाही तर धोका नाही’ असा समज दृढ झाला. बंदिस्त न्हाणीघरात गॅस गिझरच्या अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र रंगहीन व गंधहीन असतो. तेथे नाकाचा उपयोग नाही.

यंत्रांचा विकास व निवड :
१९३० च्या दशकात स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे यंत्र तयार करीत होते. ते वायूला दाद देईना. सिगारेटच्या धुराला मात्र त्याने प्रतिसाद दिला. येथूनच धूरसूचकाची वाट खुली झाली. धूरसूचक कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्यासाठी स्वतंत्र यंत्र लागते. धुमसत्या आगीसाठी प्रकाशीय धूरसूचक छताला आणि स्वयंपाकघरात उष्णतासूचक बसविणे इष्ट ठरते. गॅसगळतीचे सूचक जमिनीलगत हवे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो.

जोडणी व कायदा :
तारेने वा बिनतारी पद्धतीने जोडलेल्या यंत्रांपैकी एक वाजले की सर्व वाजतात. माजघरातील धोका माडीवर झोपलेल्यास कळतो. स्कॉटलंडने फेब्रुवारी २०२२ पासून घरांत परस्परांशी जोडलेले धूर व उष्णतासूचक आवश्यक केले. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. तथापि एक-दोन मजली खासगी घरात अशा यंत्रांची सक्ती नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावर अनेक दिवस वीज नव्हती. केवळ विजेवर चालणारे यंत्र अशा वेळी मुके होते. आणि घरात लावलेला जनरेटर तर कार्बन मोनॉक्साइडच सोडतो. म्हणून बॅटरीची सोय अनिवार्य मानावी.

निष्कर्ष :
वायुसूचक यंत्रणा प्रकल्पांच्या आवारात आली. त्याच वायूवर चालणाऱ्या घरांत ती अभावानेच दिसते. इंधनबदलाने धूर गेला, पण त्याने दिलेली वर्दीही गेली. ती पोकळी भरून काढणे हे इंधनबदलाचे अपुरे राहिलेले कार्य होय.