आकडा कोणी वाचायचा?

विजेच्या संदर्भात मराठीत 'आकडा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मीटरच्या काचेआड दिसतो तोही आकडा आणि तारेवर टाकून फुकट वीज ओढली जाते तोही आकडा. महाराष्ट्रातील वीजवापराचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास या दोन आकड्यांच्या दरम्यान घडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कळवणसारख्या तालुक्यातून पाहिले तर या इतिहासाला आणखी एक पदर दिसतो. गिरणा-मोसमच्या खोऱ्यांत फड पद्धतीचे सिंचन चालत आले. बंधारा, पाट, पाटकरी आणि पाळी ही तिची परिभाषा. पाणी लिटरांत मोजले जात नसे. परंतु कोणाची पाळी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसत असे. माप ढोबळ होते, पण ते उघड्यावर होते. विहिरीवर वीजपंप आला तेव्हा पाणी खाजगी झाले आणि माप एका बंद पेटीत गेले.

ही पेटी जन्मली तीच मुकी. १८८०च्या दशकात एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीज विकायला सुरुवात केली तेव्हाचा त्याचा मीटर रासायनिक होता. द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या कंपनीचा माणूस घेऊन जाई, त्यांचे वजन होई आणि वजनातील फरकावरून बिल निघे. ग्राहकाला त्यात वाचण्यासारखे काहीच नव्हते. १८८९ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओटो ब्लाथी याने फिरत्या चकतीच्या मीटरचे पेटंट घेतले. या जातीच्या मीटरमुळे घरमालक आणि कंपनी या दोघांनाही एकच आकडा वाचता येऊ लागला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही सुधारणा ठरते. आमच्या मते ती व्यवहारातील लोकशाहीची एक पायरीही होती.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. १९७०च्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी लागू झाली. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७३ किलोवॅट, तो आठ तास चालला तर ढोबळ मानाने तीस युनिट. परंतु ठोक आकारणीत तो दोन तास चालला काय आणि दहा तास चालला काय, बिल तेच. वरकरणी ही शेतकऱ्याची सोय होती. तिची किंमत पुढे उघड झाली. राज्य वीज नियामक आयोगाच्या स्थापनेनंतर, २०००च्या सुमारास, मंडळाच्या हिशेबाची जाहीर छाननी झाली, तेव्हा अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तिशीपलीकडची असल्याचे दिसले. फरक कोठे दडला होता? मीटर नसलेल्या शेतीच्या अंदाजित वापरात. तारांतली गळती आणि शहरांतली चोरीही शेतकऱ्याच्या नावे मांडली गेली. आणि ती नाकारायला त्याच्याजवळ आकडाच नव्हता.

२००३च्या वीज कायद्याच्या कलम ५५ने दोन वर्षांत प्रत्येक जोडणी मीटरवर आणण्याचे बंधन घातले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. तरी शेतीपंपांवरचा वाद मिटला नाही. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली. बिल शून्य झाले म्हणून मोजणे अनावश्यक होते काय? इतिहास उलट सांगतो. फुकटाचाही हिशेब कोणाच्या तरी नावे लिहिला जातोच.

म्हणून घरचा मीटर वाचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. महावितरणच्या बिलावर 'मागील रीडिंग', 'चालू रीडिंग' आणि 'गुणक अवयव' असे रकाने असतात. चालूतून मागील वजा करून गुणक अवयवाने गुणले की युनिट येतात; घरगुती जोडणीला गुणक बहुधा एक. जुन्या मीटरवर लाल चौकटीतला शेवटचा अंक दशांशाचा असतो, तो सोडायचा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर अनेक आकडे आळीपाळीने येतात. त्यांपैकी 'केडब्ल्यूएच' लिहिलेला आपला. पारखही करता येते. मीटरवर ३२०० पल्स प्रति युनिट असे छापले असेल आणि घरात शंभर वॉटचा एकच दिवा चालू असेल, तर लाल ठिपका साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकला पाहिजे. घर बंद असल्याचा शेरा मारून सरासरीने बिल आले, तर तारखेसह टिपून ठेवलेला आपला आकडाच आपली बाजू मांडतो.

मराठीत आपण 'रीडिंग घेतो', 'वाचतो' असे क्वचितच म्हणतो. घेणारा दारात येतो, घेतो आणि जातो. घरातला माणूस त्या क्रियेचा कर्ता नसतो. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की संहिता स्वतः वाचल्याशिवाय तिच्यावरचे भाष्य स्वीकारू नका. बिल हेही भाष्यच आहे. त्याची संहिता दाराबाहेरच्या भिंतीवर, काचेआड आहे.